सबवूफर घ्यायचाय? आधी खोली मोजा

पहिला सबवूफर, म्हणजे फक्त खालचे, खोल सूर वाजवणारा स्पीकर, घेतला तो १० इंची. सिनेमात इमारत कोसळायची आणि आमच्या सोफ्यावर नुसतं 'धप्प' व्हायचं. ताकद कमी पडतेय अशी खात्री करून घेतली, तोट्यात विकला, आणि १२ इंची, दुपटीहून जास्त वॉटचा आणला. दोन माणसांनी उचलून जिना चढवला. लावला. पुन्हा 'धप्प', फक्त जास्त मोठ्यानं.

तिसऱ्याची चौकशी सुरू केली होती. एका रात्री सिनेमा चालू ठेवून पाणी घ्यायला मागच्या डायनिंग टेबलाशी गेलो, आणि तिथं टेबलावरचे पेले थरथरत होते. पोटात जाणवणारी ती खोल धमक, जिच्यासाठी एवढे पैसे घातले, ती माझ्या पाठीमागे आठ फुटांवर रिकाम्या खुर्च्यांना ऐकू जात होती. दुसऱ्या दिवशी डायनिंग टेबल बाजूच्या भिंतीला लावलं, सोफा तीन फूट मागे घेतला, आणि चौकशी बंद केली.

तुम्ही 'सगळ्यात पॉवरफुल सबवूफर कोणता' असं शोधत असाल, तर मी ज्या क्रमानं शिकलो त्याच्या बरोबर उलट्या क्रमानं जा. खाली तोच उलटा क्रम आहे.

सुरुवातीला हाताशी काय हवं

- मोजपट्टी, कागद, पेन्सिल
- रिसीव्हरच्या, म्हणजे सगळे स्पीकर ज्याला जोडतात त्या मुख्य डब्याच्या, पाठीमागचा स्पष्ट फोटो (दुकानदार हेच आधी विचारतो)
- खोलीचा हाताने काढलेला आराखडा: दारं, खिडक्या, सोफा, टीव्ही, प्लग पॉइंट
- मोबाइलवर आवाज मोजायचं ॲप, ज्यात 'सी' वेटिंग (खालचे सूरही जवळपास पूर्ण धरणारं माप) निवडता येतं असं
- पुढे रस वाढलाच तर यूएसबीचा मोजणीचा माइक आणि 'रूम इक्यू विझार्ड' हे फुकट सॉफ्टवेअर

१. तुमच्या सेटला सबवूफर जोडता येतो का, ते आधी बघा

हे वेडगळ वाटेल, पण सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात. रिसीव्हर वेगळा घेतला असेल तर मागे 'सब आउट' किंवा 'सबवूफर प्री-आउट' असं लिहिलेलं गोल आरसीए छिद्र असतं. तिथून एका वायरने ॲम्प्लिफायर पोटात असलेला, म्हणजे पॉवर्ड सबवूफर जोडायचा. काम संपलं.

पण एकाच खोक्यात मिळणाऱ्या 'होम थिएटर' सेटमधला सब बहुधा पॅसिव्ह असतो. त्याला स्वतःचा ॲम्प्लिफायर नसतो, मुख्य डब्यातून दोन वायरी येतात. तिथं सब आउट नसेल तर नवा पॉवर्ड सब जोडायचा सरळ रस्ता नाही. साउंडबारचंही तसंच. बहुतेक बिनतारी सब फक्त आपल्याच कंपनीच्या, आपल्याच मॉडेलच्या बारशी बोलतात. अशा वेळी सबवर पैसे घालण्याऐवजी आधी एक साधा ५.१ (पाच स्पीकर आणि एक सब) रिसीव्हर घ्या, जुना चालेल. सब नंतर.

२. खोली मोजा, आणि एक भागाकार करा

या पायरीवर मी रेंगाळणार आहे, कारण उरलेलं सगळं हिच्यावर उभं आहे.

ध्वनी सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. त्यामुळे २० हर्ट्झच्या (सेकंदाला २० कंपनं) लाटेची लांबी सुमारे १७ मीटर होते, ४० हर्ट्झची साडेआठ, ८० हर्ट्झची सव्वाचार. आपल्या हॉलपेक्षा लाट मोठी! ती समोरासमोरच्या भिंतींवर आपटून परत येते, स्वतःमध्येच मिसळते, आणि खोलीत काही जागी आवाज दुप्पट होतो, काही जागी जवळजवळ नाहीसा होतो. सब कितीही चांगला असो, ही लाट खोलीच्या मापावर ठरते.

कुठल्या सुरावर खोली घुमेल ते काढायला सोपं गणित आहे: ५६५ ला फुटांतल्या लांबीनं भागा. उत्तर हर्ट्झमध्ये येतं. आमचा हॉल १६ बाय ११, उंची साडेनऊ. म्हणजे लांबीच्या दिशेनं ३५ हर्ट्झ, रुंदीच्या दिशेनं ५१, उंचीच्या दिशेनं ५९. या प्रत्येकाच्या दुपटीवर, तिपटीवरही खोली घुमते.

आता त्यातली गोम. पहिल्या सुराचा आवाज भिंतींजवळ जास्तीत जास्त असतो आणि खोलीच्या बरोबर मध्यावर जवळजवळ शून्य. दुपटीच्या सुराचं उलट, तो मध्यावर फुगतो. माझा सोफा १६ फुटांत आठव्या फुटावर होता. म्हणजे ३५ हर्ट्झची खोल गडगड मला मिळत नव्हती आणि ७० हर्ट्झचा ठोका मात्र फुगून येत होता. यालाच मी 'धप्प' म्हणत होतो. या मध्यावर तुम्ही १०० वॉटचा सब लावा की १००० वॉटचा, शून्याला कितीनं गुणलं तरी काय होणार?

तेव्हा आधी सोफा मध्यावरून हलवा. फ्लॅटमध्ये पुष्कळदा तो मागच्या भिंतीला टेकलेला असतो. तिथं उलटा त्रास, म्हणजे सगळेच खालचे सूर फुगतात आणि बेस चिखलासारखा होतो. भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे घेतला तरी फरक पडतो.

लांबी आणि रुंदी सारखी असेल, किंवा रुंदी आणि उंची सारखी असेल (१० बाय १२ च्या बेडरूमला १० फूट उंची, हे तर सर्रास), तर दोन दिशांचे सूर एकमेकांवर बसतात आणि घुमारा वाढतो. अशा खोलीत जास्त ताकदीपेक्षा नीट जागा आणि इक्वलायझर (एकेक सूर कमी-जास्त करायची सोय) यांचीच जास्त गरज पडते.

मग घनफळ काढा, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची. आमचं १६७२ घनफूट. हॉलला उघडं स्वयंपाकघर किंवा बिनदाराचा पॅसेज लागून असेल तर तोही धरा. सबला तुमची दारं कळत नाहीत, हवा कळते.

३. ताकद म्हणजे नेमकी कशाची

जुन्या टू-इन-वनच्या काळात स्टिकरवर ठळक आकडा असायचा पीएमपीओचा, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचा. १००० वॉट, ५००० वॉट. तो आकडा कसा काढायचा याचं काही ठरलेलंच नव्हतं. आजही स्वस्त सेटवर तसले आकडे दिसतात. शोधायचा तो आरएमएस, म्हणजे सतत देता येणारी ताकद. तोही सापडेना तर सबच्या पाठीमागची पट्टी वाचा, तिथं भिंतीतून किती वॉट ओढतो ते छापलेलं असतं. जो डबा भिंतीतून ६० वॉट घेतो, तो सतत २००० वॉट कुठून देणार?

पण समजा आरएमएस खरा आहे. तरीही वॉट फसवतात. ताकद दुप्पट केली तर आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल, म्हणजे कान देऊन ऐकलं तर कळेल इतका. कानाला 'दुप्पट मोठा' वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दसपट वॉट. २०० आणि ३०० वॉटच्या दोन सबमध्ये नुसत्या वॉटवरून निवड करणं म्हणजे दोन आंब्यांतला गोड आंबा वजन करून ओळखणं.

खालच्या सुरांना हवं असतं ते हवा ढकलणं. ४० हर्ट्झवर जेवढा आवाज मिळतो तेवढाच २० हर्ट्झवर हवा असेल तर चौपट हवा हलवावी लागते. म्हणून कोनचं, म्हणजे स्पीकरच्या पुढच्या हलणाऱ्या पडद्याचं, क्षेत्रफळ आणि तो किती मागेपुढे जाऊ शकतो हे महत्त्वाचं. १२ इंची कोन ८ इंचीपेक्षा दीडपट दिसतो, पण क्षेत्रफळ सव्वादोन पट असतं.

त्यात आपला कानही खालच्या सुरांना ठणठणीत नाही. २० हर्ट्झचा सूर पंचाहत्तर-ऐंशी डेसिबलच्या आसपास पोहोचेपर्यंत ऐकूच येत नाही. त्यामुळे 'आमचा सब २० हर्ट्झपर्यंत जातो' याला किती जोरात जातो हे जोडल्याशिवाय अर्थ नाही.

मग किती जोर पुरे? चित्रपटगृहाच्या मापानं मुख्य स्पीकरची शिखरं १०५ डेसिबल आणि एलएफई म्हणजे फक्त खालच्या सुरांच्या त्या '.१' वाल्या चॅनलची ११५. घरात एवढ्यावर ऐकणारा मला अजून भेटलेला नाही. आम्ही त्याच्या १५ डेसिबल खाली ऐकतो, पाहुणे आले की २० खाली. आणि १० डेसिबल खाली ऐकायला एक दशांश ताकद पुरते, हे गणित इथं आपल्या बाजूनं काम करतं.

माझा ढोबळ अंदाज असा. १२०० घनफुटांपर्यंतच्या बंद खोलीला चांगला १० इंची किंवा साधा १२ इंची सब भरपूर. १२०० ते २५०० ला १२ इंची. त्यापुढे, किंवा बंगल्यातला उघडा हॉल असेल, जिना वर जात असेल, तर मोठा पोर्टेड (म्हणजे काय ते पुढच्या पायरीत) किंवा दोन सब. १५ इंची, १८ इंची राक्षस दिवाणखान्यात आणण्याआधी एकदा त्याचं खोकं दारातून आत येईल का ते मोजा. थट्टा नाही, लिफ्टचंही मोजा.

४. सील्ड की पोर्टेड

सील्ड म्हणजे बंद पेटी. पोर्टेड म्हणजे जिला एक नळी असते आणि त्या नळीतली हवाही आवाज काढायला मदत करते. पोर्टेड सब त्याच वॉटमध्ये खाली जास्त जोर देतो, पण पेटी मोठी होते आणि नळी ज्या सुरावर बसवली आहे त्याच्या खाली आवाज झपकन पडतो, सप्तकाला २४ डेसिबलनं. सील्डचा उतार सौम्य, सप्तकाला १२.

इथं परदेशी परीक्षणं वाचताना जपा. अमेरिकेतल्या बहुतेक घरांच्या भिंती लाकडी सांगाड्यावर जिप्समचे पत्रे ठोकलेल्या असतात. त्या थरथरतात, बेस थोडा गिळतात, थोडा बाहेर सोडतात. खोल्याही मोठ्या. आपल्याकडे आरसीसीचा स्लॅब, विटांच्या भिंती, खोली लहान. बेस आतच कोंडतो. खोलीच्या सगळ्यात खालच्या घुमण्याच्या सुराखाली बंद खोली स्वतःच आवाज उचलून धरते. जो सौम्य उतार सील्ड सबचा दोष म्हणून तिकडे लिहिला जातो, तो आपल्या १० बाय १२ च्या खोलीत बराचसा भरून निघतो. उलट तिकडे 'हवाच' म्हणून सांगितलेला पोर्टेड इथं कधीकधी नुसता घुमत राहतो.

म्हणून लहान बंद खोलीसाठी मी डोळे मिटून सील्ड सांगतो. नमुना म्हणून एसव्हीएस कंपनीचा एसबी-१००० प्रो घ्या: सील्ड, १२ इंची, ३२५ वॉट आरएमएस. त्याचाच पोर्टेड भाऊ पीबी-१००० प्रो, तितक्याच वॉटचा आणि तोही १२ इंचीच, पण पेटी बघितली तर कोपऱ्यातलं लहान कपाट वाटावं. दोन्ही शेजारी ठेवून बघितलेत तर वर लिहिलेला सगळा परिच्छेद एका नजरेत कळेल. हाच घ्या असं मी म्हणत नाही. जाहिरात करायचे मला कोणी पैसे देत नाही, दुर्दैवानं.

५. कागदावरचे आकडे

'२५ ते १५० हर्ट्झ' एवढंच लिहिलं असेल तर तो आकडा सोडून द्या. पुढे 'उणे अधिक ३ डेसिबल' (आवाज त्याहून जास्त वर-खाली होत नाही) असं असेल तर विचारात घ्या. 'उणे १०' असेल तर त्या टोकाला आवाज निम्म्यासारखा वाटणार.

सीईए-२०१० या पद्धतीनं मोजलेले आकडे मिळाले तर सोनंच, कारण त्यात प्रत्येक सुरावर सब किती डेसिबलपर्यंत बिघडल्याशिवाय जातो ते असतं. मात्र कोणी १ मीटरवरून सांगतं, कोणी २ मीटरवरून. तेवढ्यानं ६ डेसिबलचा फरक पडतो. तुलना करताना अंतर सारखं आहे ना ते बघा.

६. दुकानात

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, झालंच तर मोठ्या ब्रँडची ऐकण्याची खोली असलेली शोरूम. सगळीकडे एकच युक्ती वापरतात: सबची पातळी चढवून ठेवतात. पहिल्या मिनिटात अंगावर काटा येतो. तुम्ही म्हणा, सब बंद करा. मग चालू करा. मग पातळी निम्मी करा. चांगला सब कमी पातळीवरही एकेक ठोका सुटा ऐकवतो. बास गिटारचा सगळ्यात खालचा सूर ४१ हर्ट्झचा असतो, त्या वाजवणाऱ्याची बोटं एका सुरावरून दुसऱ्यावर जातात ते कळायला हवं. सगळे सूर एकाच 'बूम'मध्ये विरघळत असतील तर एक तर सब तसा आहे, नाहीतर ती खोली तशी आहे, आणि दुकानात तुम्हाला या दोन्हीतला फरक कळणार नाही. म्हणून शक्य तर 'घरी लावून बघतो, नाही जमलं तर बदलून द्या' एवढं आधी बोलून, बिलावर लिहून घ्या.

सांभाळून ठेवायची कागदपत्रं:

- जीएसटीचं बिल, त्यावर सिरीयल नंबर लिहिलेला
- शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड, ॲम्प्लिफायर आणि ड्रायव्हर (कोन आणि त्यामागची कॉइल) यांची मुदत वेगवेगळी असू शकते, ती वाचा
- तुमच्या शहरातल्या सर्व्हिस सेंटरचा पत्ता, नसेल तर खोकं कोणी कुठं पाठवायचं याचं उत्तर
- आणि खोकं, थर्माकोलसकट. २५ किलोचा सब दुरुस्तीला पाठवायची वेळ आली की रद्दीवाल्याला दिलेलं खोकं आठवतं

अमेरिकेतला भाऊ किंवा मावशीचा मुलगा येताना घेऊन येतोय? आधी पाठीमागची पट्टी वाचायला सांगा. तिथला वीजपुरवठा १२० व्होल्टचा, आपला २३०. काही सब दोन्हींवर चालतात, काहींना मागे खटका असतो, काहींना काहीच नसतं. तो तिसरा प्रकार आपल्या प्लगात घातलात तर वास येईल आणि गोष्ट तिथंच संपेल. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावता येतो, पण सबच्या मागणीपेक्षा बराच मोठा घ्यावा लागतो. शिवाय तिकडची वॉरंटी इकडे चालेलच असं नाही. मी या भानगडीत पडलो नाही.

जुना घेणार असाल तर तीन गोष्टी. कोनच्या कडेची गादी बघा, रबराची असेल तर उत्तम. फोमची असेल तर बोटानं हलकं दाबा, आपल्या दमट हवेत ती काही वर्षांत भुगा होते. कोन दोन्ही हातांनी समतोल आत दाबून बघा, खरखर आली तर कॉइल घासतेय. आणि निदान अर्धा तास चालू ठेवून ऐका, कारण सबमध्ये आधी जातो तो पाठीमागचा ॲम्प्लिफायर, आणि तो गरम झाल्यावरच रडतो. कोकणातलं, किनाऱ्यावरचं घर असेल तर पेटीचा तळ उलटा करून बघा. एमडीएफला, म्हणजे पेटीच्या दाबून केलेल्या लाकडी बोर्डाला, ओल लागली की ते फुगतं.

७. जागा रांगून शोधा

सोफ्यावर तुम्ही जिथं बसता तिथं सब ठेवा. होय, सोफ्यावर. खाली पाट घ्या. मग २० ते १०० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा स्वर लावा, किंवा तुमच्या ओळखीचं, भरपूर बेस असलेलं गाणं. आता जिथं जिथं सब ठेवणं शक्य आहे तिथं गुडघ्यांवर रांगत जा आणि कान जमिनीपासून फूटभर उंचीवर ठेवून ऐका. जिथं सगळे सूर त्यातल्या त्यात सारखे ऐकू येतात, एकही फुगत नाही आणि एकही गायब होत नाही, ती सबची जागा. आवाज देणारा आणि ऐकणारा यांनी जागा बदलल्या तरी खोली तेच करते, म्हणून हे जमतं. आईनं दारातून बघितलं आणि विचारलं, 'काय हरवलंय रे?'

कोपऱ्यात सगळ्यात जास्त जोर मिळतो आणि सगळ्यात जास्त घुमारा. छोट्या सबला कोपरा तारतो, मोठ्याला बिघडवतो.

दोन सब घेण्याइतकं बजेट असेल तर एका मोठ्याऐवजी दोन मध्यम घ्या. समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर एकेक ठेवला की एकाचा खड्डा दुसरा भरतो. हार्मन कंपनीत टॉड वेल्टी यांनी नेमका हाच प्रश्न हाती घेतला होता, किती सब पुरेत आणि कुठं. दोन समोरासमोर हे साधं उत्तर त्यातूनच पुढे आलं. फायदा जोराचा कमी, सोफ्यावरच्या प्रत्येकाला जवळपास सारखं ऐकू येण्याचा जास्त.

८. रिसीव्हरमध्ये

सगळे स्पीकर 'स्मॉल' करा. आपले टॉवर स्पीकर मोठे आहेत म्हणून 'लार्ज' ठेवायचा मोह होतो. टाळा, कारण मग त्या स्पीकरचे खालचे सूर सबकडे जातच नाहीत. क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचे सूर सबकडे जातात ती सीमा, ८० हर्ट्झवर ठेवा. डबीएवढे सॅटेलाइट स्पीकर असतील तर १०० ते १२०. त्यापुढे गेलात तर आवाज कुठल्या कोपऱ्यातून येतोय ते कानाला कळायला लागतं आणि हिरोचं बोलणं सबमधून आल्यासारखं वाटतं.

सबच्या पाठीवरचा क्रॉसओव्हरचा खटका 'एलएफई'वर, तसा नसेल तर गोल बटण पूर्ण वरच्या टोकाला. दोन्हीकडे गाळणी लावली तर मधले सूर दोनदा गाळले जातात. ही चूक मी वर्षभर केली.

सबचा व्हॉल्यूम निम्म्यावर ठेवून रिसीव्हरचा माइक लावा आणि स्वयंचलित मोजणी चालवा. नंतर सबची पातळी बघा. ती उणे १२ अशी अगदी तळाला जाऊन बसली असेल तर सबचं बटण कमी करून पुन्हा मोजा. अंतराच्या रकान्यात सब खरं असतं त्याहून लांब दाखवलं, तर दुरुस्त करायला जाऊ नका. सबच्या पोटातल्या इलेक्ट्रॉनिक्सला लागणारा वेळ रिसीव्हर अंतरात धरतो, तो बरोबरच आहे.

फेज, म्हणजे सब आणि बाकीचे स्पीकर हवा एकाच वेळी ढकलतात की उलटसुलट: ८० हर्ट्झचा स्वर लावा, तुम्ही सोफ्यावर बसा, घरातल्या कोणाला तरी खटका ० आणि १८० मध्ये फिरवायला सांगा. ज्यावर जोरात ऐकू येतं ते ठेवा.

इक्वलायझर हाताळत असाल तर फुगवटे कापा, खड्डे भरू नका. १० डेसिबलचा खड्डा भरायला दसपट ताकद जाते आणि खड्डा तरी भरत नाही.

९. खालच्या मजल्यावरचे काका

सबखाली फोमची किंवा रबराची चटई घातली की शेजाऱ्यांचा त्रास संपतो असं विकणारे सांगतात. चटईनं पेटीची थरथर फरशीत उतरायची कमी होते, भांड्यांचा खणखणाट थांबतो, एवढं खरं. पण ४० हर्ट्झची लाट हवेतून जाऊन स्लॅबच हलवते, तिला चटई विचारत नाही. खरा उपाय आवाज कमी करण्याचा. तो करूनही मजा टिकवायची असेल तर सब सोफ्याच्या अगदी मागे, हातभर अंतरावर ठेवा. तुम्हाला जवळून तेवढाच मिळतो, बाकी घराला कमी. रिसीव्हरमधला 'नाइट मोड' रात्री चालू करा, तो स्फोट दाबतो आणि कुजबुज वर आणतो.

नियमही माहीत असावा. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल. खासगी ध्वनियंत्रणेचा आवाज आपल्या जागेच्या हद्दीवर याच्या ५ डेसिबलपलीकडे जाऊ नये. हे आकडे 'ए' वेटिंगचे आहेत, आणि ते माप ३१.५ हर्ट्झला तब्बल ३९ डेसिबल कमी धरतं. म्हणजे मोबाइलवर ५० दिसत असताना खालच्यांच्या छतात खरे नव्वद डेसिबल घुमत असू शकतात. म्हणूनच वर 'सी' वेटिंगचं ॲप सांगितलं. आणि ॲपपेक्षा सोपं: एकदा खाली जाऊन काकांच्या हॉलमध्ये बसा आणि वर कोणाला तरी सिनेमा लावायला सांगा. मी चहा पिऊन आलो आणि पातळी स्वतःहून ४ डेसिबल खाली आणली.

१०. गुणगुण आणि खडखड

काही न लावता सब गुणगुणत असेल तर तो बहुतेक विजेचा ५० किंवा १०० हर्ट्झचा सूर असतो. रिसीव्हर आणि सब एकाच बोर्डावर घ्या. तरी थांबेना तर केबल टीव्हीची किंवा डिशची गोल वायर सेट-टॉप बॉक्समधून काढून बघा. आमच्याकडे तीच होती. केबलवाल्याकडून आयसोलेटर बसवून घेतला, थांबलं. काही इलेक्ट्रिशियन तिसरी पिन, अर्थिंगची, तोडून देतात आणि गुणगुण थांबते. तसं करू देऊ नका. त्या पिनेवर तुमचा जीव आहे. जुन्या चौकोनी लाटेच्या इन्व्हर्टरवर सब कुरकुरतो, वीज गेली की तो बंद ठेवा.

खडखड मात्र सबची नसतेच, घराची असते. तोच हळूहळू चढणारा स्वर लावा आणि घरभर फिरा. स्लायडिंग खिडकीची काच, शोकेसचं दार, स्विचबोर्डाचं सैल झाकण, भिंतीवरच्या तसबिरीचा खालचा कोपरा. प्रत्येक वस्तूचा आपापला सूर असतो, ३८ ला एक बोलते, ५२ ला दुसरी. फेल्टच्या टिकल्या, दुमडलेला कागद, एखादा स्क्रू. आमच्याकडे ४४ हर्ट्झला एक बारीक टणटण यायची, ती दोन रविवार सापडली नाही. शेवटी माळ्यावर निघाली. एकात एक घातलेले पितळी डबे, आजीचे. त्यांच्या मधोमध जुन्या सुती साडीचे तुकडे घातले.